प्लेटवर खूण नाही

प्रिय धाकटे,

तुझ्याकडे महिनाभर राहून चिमी परवा सुखरूप घरी पोचली आणि आल्यापासून तुझंच कौतुक चाललंय. मावशीच्या खुर्च्या मढवायच्या दुकानात जुन्या खुर्च्यांचे खिळे उपटले, मावशीने नवं कापड कापायला दिलं, मावशीबरोबर पाव खाल्ला, तोही कडेसकट. मी आपली भाजी चिरत ऐकतेय. खरं सांगू? माझ्या पोटात दुखतंय. लहानपणी तुला नवा फ्रॉक आला की दुखायचं ना, अगदी तसंच.

तुला मी सगळं नीट सांगितलंच नव्हतं. जबडा दुखतो तिचा, मऊ खायला घाल, एवढंच म्हटलं होतं. परीक्षेचं वर्ष सुरू झालं आणि पोरीच्या कानापुढे कट्कट् वाजायला लागलं. मग एका सकाळी तिचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. तिचे बाबा घाबरले, मी नाही. दातांच्या लॅबमध्ये इतकी वर्षं लोकांचे जबडे प्लास्टरमध्ये ओततेय, मला त्यात काय नवीन? डॉक्टरबाई म्हणाल्या, ही झोपेत दात आवळते, रात्री दातांवर लावायला प्लेट करा. ती मीच केली, घासून-पुसून आरशासारखी. महिन्याभरात तिच्यावर दाढांचे खड्डे पडले. दुसरी केली, जाड. तिचीही तीच गत. तिसरी आणखी कडक करून नेली, तर बाई म्हणाल्या, अहो, प्लेट दात वाचवेल, ताण कसा काढेल? या वयातल्या कितीतरी मुलांचं असंच होतं म्हणे. दुखण्याने झोप जाते, झोप गेली की धास्ती वाढते आणि धास्तीने जबडा आणखी आवळला जातो. समुपदेशकाकडेही न्या म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पोरीच्या मनाला काय धाड भरलीय? घरात कमी काय आहे तिला? मी तिसरी प्लेट उचलली आणि घरी आले.

रोज सकाळी मी तिला तोंड उघडायला लावायची आणि बोटं घालून मापायची. आज किती? शाळेतून आली की, आज वाचून किती झालं? जेवताना, अजून किती राहिलं? सगळं प्रेमापोटीच गं. ती तोंडातून ब्र काढायची नाही. मला वाटायचं, किती गुणी पोर आहे.

परवा तिची बॅग रिकामी करताना प्लेटची डबी हाताला लागली. सवयीने प्लेट उजेडात धरली, तर एक खड्डा नाही! मी चिडले, लावली नसशील म्हटलं. ती म्हणाली, रोज लावली, मावशीला विचार. काल लॅबमध्ये नेऊन भिंगाखाली पाहिली. रोज घालून-काढून कडेची चकाकी गेली होती, म्हणजे पोर खरं बोलत होती. प्लेट लावलेली होती, चावलेली नव्हती.

पसारेबाज तू! तुझ्याकडे जेवायला धड वेळ नाही, खुर्च्यांवर टॉवेल, पलंगाखाली कात्र्या. दुखतंय का, अभ्यास झाला का, काही म्हणता काही विचारलं नाहीस म्हणे. मी इथे मरमर मरायचं आणि पोरीने तुझ्या त्या धुळीच्या दुकानात जबडा सैल सोडायचा! पत्र लिहायला बसले ती खरं तर तुझ्याशी भांडायलाच.

पण काल संध्याकाळचं ऐक. दातांत खिळे धरून तू गिऱ्हाइकाशी कशी बोलतेस, त्याची ती नक्कल करत होती. तिचे बाबा आणि ती हसून हसून लोळत होते. तिचं तोंड चांगलं तीन बोटं उघडलेलं मी लांबूनच पाहिलं, मापायला गेले नाही. आणि मला सवयच गं, मी विचारलं, आज अभ्यास किती झाला? तोंड मिटलं. कानाखालचा स्नायू टरारून वर आला. इतक्या प्लेट केल्या मी, पण ते आवळणं माझ्या शब्दासरशी होताना कधी पाहिलं नव्हतं. मला जेवण गेलं नाही.

फोनवर चिमी ऐकेल म्हणून हे लिहितेय. शाळा संपलीय, आता परीक्षेपर्यंत घरीच अभ्यास आहे. तेवढे महिने तिला तुझ्याकडे ठेवून घे. मी सांगितलं म्हणू नकोस. दुकानात काम वाढलंय, मदतीला ये, असं तूच म्हण. उडी मारून येईल. तुझ्या बाजूच्या समुपदेशकांची वेळ मी घेतलीय, सोमवारी तू ने तिला. मी बरोबर असले तर ती तिथेही बोलायची नाही. सगळं श्रेय तुझं, मी इथे खुशाल जळत बसेन. फक्त एक कर. ती तशी मोठ्याने हसायला लागली की मला फोन लाव आणि न बोलता तो तसाच चालू तिथे एखाद्या खुर्चीवर ठेवून दे. मी नुसती ऐकेन, काही विचारणार नाही.

तुझ्यावर जळणारी आणि तरी तुझीच,
ताई