डेसिकेटरचं झाकण

१ सप्टेंबर १९९७
चांदवडहून पहिली एसटी धरली आणि नाशिकला कॉलेजात वेळेच्या अर्धा तास आधी हजर. संशोधन सहायक झाले, घरी पेढे वाटून झाले! गांगुर्डे सरांनी प्रयोगशाळा दाखवली. इथे कोबाल्ट क्लोराइडच्या क्षारांचे स्फटिक वाढवतात. मध्ये कोबाल्टचा अणू, भोवती चार क्लोरीन, म्हणून रंग गर्द निळा. दमट हवा लागली की पाणी शिरतं, त्या चौघांना उठवून पाण्याचे सहा जण बसतात आणि निळ्याचं गुलाबी होतं. म्हणून स्फटिक डेसिकेटरमध्ये, म्हणजे जाड काचेच्या भांड्यात ठेवायचे. तळाशी सिलिका जेलचे निळे खडे, झाकणाला ग्रीस. खडे गुलाबी दिसले तर ओल शिरली समजायचं. शिपाई पुंजामामांनी चहा पाजला. शेजारचं टेबल मोहिनीचं. ती देवळाली कॅम्पहून येते, इथे वर्षभर आहे. स्वभावाने गोड वाटली.

२० सप्टेंबर
मोहिनीचा स्फटिक तांदळाच्या दाण्याएवढा झाला, कडा कशा कापल्यासारख्या. माझ्या भांड्यात नुसता भुगा. क्षार तोच, रीत तीच, मग माझंच कुठे चुकतं? अणूंची रचना मोजायचं यंत्र मुंबईला आहे. सर म्हणाले, तिथे एकच स्फटिक पाठवता येईल. ज्याचा जाईल त्याचं नाव शोधनिबंधावर पहिलं, शिष्यवृत्तीही त्यालाच. मोहिनीने डब्यातलं भरीत दिलं. गोड लागलं नाही. मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, बरं झालं.

१० ऑक्टोबर
खंडेनवमी. मामांनी तराजूला, ओव्हनला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले. सगळे प्रसादाला सरांच्या खोलीत गेले, मी मागे राहिले. मोहिनीच्या डेसिकेटरचं झाकण सरकवलं, पाण्यात बुडवलेलं एक फूल आत ठेवलं, झाकण लावलं. कुणी विचारलंच तर पूजा केली म्हणेन.

१३ ऑक्टोबर
मोहिनीच्या स्फटिकाच्या जागी गुलाबी थेंब. ती खूप रडली. फूल मामांनीच ठेवलं असं सगळ्यांनी धरलं. मामा शपथा घेत राहिले. तिने नव्याने क्षार विरघळवायला घेतला. माझ्या भांड्यात मात्र आज पहिला स्फटिक दिसला. तिच्याहून देखणा.

१७ ऑक्टोबर
दिवाळीच्या सुट्टीआधी, चोवीसला, माझा स्फटिक मुंबईला जाणार. बिघडला तर मोहिनीचा; तिचाही वाढतोय. काल मी माझ्या डेसिकेटरमधले खडे तापवून निळे केले होते. सकाळी गुलाबी. झाकण घट्ट होतं. काचेला आतून वाफ, कुणी तोंड टेकवून श्वास सोडावा तशी. स्फटिक मात्र कोरडा आणि कालच्यापेक्षा मोठा. भोवती द्रावणाचा थेंबही नसताना.

२० ऑक्टोबर
खडे पुन्हा गुलाबी. ओठ फुटलेत. तांब्याभर पाणी प्यायले, तहान तशीच. मामा म्हणाले, "लय वाळल्या तुम्ही, मॅडम. दवाखान्यात जाऊन या." त्यांच्याकडे बघवलं नाही.

२२ ऑक्टोबर
रडू येतं, पण डोळ्यांत पाणी नाही. झाकण बोटभर सरकवून पाहिलं — लगेच तोंडात लाळ आली. किती बरं वाटलं. तेवढ्यात स्फटिकाचा कोपरा गुलाबी पडला. बंद केलं. माझं पाणी तिथे जातंय. उघडलं तर मी वाचेन. पण मग मोहिनीचा जाईल. मोहिनीचा —

२३ ऑक्टोबर
जीभ टाळूला चिकटते. एकच दिवस. मोहिनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते. तिचे गाल कसे टवटवीत — तेही सहन होत नाही —

२४ ऑक्टोबर
सर गाडी घेऊन दारात. माझी नखं निळी. मनगटापर्यंत निळं — आवाज फुटत नाही. मोहिनी म्हणते, तुझ्या डेसिकेटरच्या आतून कुणीतरी पाणी मागतंय. आवाज तुझाच आहे, म्हणते. तिचा हात झाकणावर. स्फटिक तुझा आहे, तू हो म्हण, लगेच उघडते — ती विनवतेय — बोटं वाकत नाहीत — वहीतच लिहून दाखवते तिला —
नको
नको
न