तळेघरची रविवारची जीप

२ सप्टेंबर २०२५

ठरलं! जीपसाठी वेब ॲप करायचं. शाहनवाज आणि मी. नवरा-बायको एकाच कामावर — सासूबाई म्हणाल्या, "भांडायला वेळ पुरेल का?"

गेणभाऊ आमच्या स्पेअरपार्टच्या दुकानात आले होते. दर रविवारी डिंभ्याहून वर तळेघरला जातात, माणसं घेऊन घोडेगावला उतरतात. कधी जीप भरते, कधी वर कुणीच नसतं. "लई झालं ताई. रिकामी जीप किती हाकू? दिवाळीला विकून टाकतो."

सोबत तळेघरच्या वाडीतल्या कुशाबाई होत्या. त्यांची नात संस्कृती घोडेगावच्या वसतिगृहात. भेटीचा वार रविवार, तोही सकाळीच. त्या वेळेला एसटी नाही. जीप गेली की भेट गेली.

वर किती माणसं आहेत हे गेणभाऊंना आदल्या दिवशी कळलं पाहिजे. एवढंच.

४ सप्टेंबर

एवढंच नाही! शाहनवाजला कंपनीतल्यासारखं सगळं हवं. नवं फ्रेमवर्क. कंटेनर. गर्दी वाढली की आपोआप वाढणारा क्लाउड.

"कुणाची गर्दी?"

"यार झेबा, उद्या भीमाशंकरची सगळी लाईन आपल्यावर येईल."

मला साधं पायथन हवं, डेटाबेसची एक फाइल, भाड्याचा लहान सर्व्हर. पान हलकं. तळेघरला रेंज फक्त खिंडीत; तिथे जेवढी मिळते, तेवढ्यात उघडणारं.

"मराठीत एमए केलेल्या बाईला सगळंच छाटायचं असतं," म्हणाला. मग माझ्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

७ सप्टेंबर

तळेघरला गेलो. खिंडीत त्याचं नमुन्याचं पान उघडेना. चक्र फिरत राहिलं. माझं उघडलं. माझ्या पायाला जळू लागली होती, ती मीठ लावून काढली.

परतताना तो स्वतःच — "सर्व्हर मी लावतो. लहानातला लहान."

९ सप्टेंबर

एका गोष्टीवर मात्र भांडण नाही. एका मोबाईलवर एकच जागा. ओटीपी आला की नोंद पक्की. खोट्या नोंदी नकोत.

१३ सप्टेंबर

डिप्लॉय केलं, पान सगळ्यांसाठी खुलं झालं. बटण मी दाबलं, माझा हात त्याने धरला होता. फालतूपणा! (बरं वाटलं.)

१४ सप्टेंबर, रविवार

पानावर एकच नोंद. एका माणसासाठी गेणभाऊ वर गेले नाहीत. वर वाडीतली सगळी उभी.

खिंडीत फक्त भागू जातो, गुरं घेऊन. वाडीभरचे निरोप त्याच्याच फोनवरून जातात. तिथे हे सगळ्यांना ठाऊक. आम्ही विचारलं नव्हतं. त्याने एक जागा धरली. दुसरी धरायला गेला तर पान म्हणालं, या क्रमांकावर नोंद झाली आहे.

कुशाबाई चालत निघाल्या. घाटात दुधाचा टेम्पो मिळाला. पोचल्या तेव्हा भेटीची वेळ संपली होती. भाकरी वॉचमनकडे देऊन परतल्या.

भागू फोनवर: "तुमचं यंतर लई हुशार, ताई. माझं एकट्याचं ऐकतं, वाडीचं न्हाई."

मी जेवले नाही. शाहनवाजही नाही.

१५ सप्टेंबर

ओटीपी काढला. नाव काढलं. फोन नंबर काढला. उरला एक प्रश्न — रविवारी किती माणसं? आणि आकडा कमी-जास्त करायची दोन बटणं.

"खोट्या नोंदी?" मी विचारलं.

"भागू खोटं बोलला तर वाडी त्याला दारात उभं करेल का?"

"छाटायला शिकलास."

"संगत!"

२१ सप्टेंबर, रविवार

नऊ माणसं. जीप वर गेली!

२८ सप्टेंबर

भागू शनिवारी दारोदार विचारतो, मग खिंडीत जाऊन आकडा टाकतो. गेणभाऊ म्हणतात, "विकायचं बघू, दिवाळी तर येऊ द्या."

कुशाबाईंनी दुकानात आमच्यासाठी तांदूळ ठेवला. भात शाहनवाजने केला. गिचका झाला. दोनदा वाढून घेतला.

११ ऑक्टोबर

पानावर शून्य. शाहनवाज सर्व्हर तपासत बसलाय. सर्व्हर चालू आहे. पान उघडतंय. आठवडाभर तिथे कुणी आलंच नाही. भागूचा फोन लागत नाही. गेणभाऊंचाही नाही.

दिवाळी तोंडावर आली.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी गेणभाऊंचा फोन लागला. मागे इंजिन, माणसांचा कालवा, कुशाबाईंचं हसणं. मी विचारलं, पानावर काहीच का नाही?

"पान? ते कशाला आता? समद्यांना ठाऊक हाय, रविवारी सकाळी जीप खिंडीत, भरूनच निघती. आन् आज जागा न्हाई हां, ताई! तुमाला यायचं आसंल तर पुढचा रविवार धरा."