अकरा धडे आणि फाटकाचा खांब

प्रिय आई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन का नाही केलास म्हणशील, तर तुझा फोन बाबा उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि मग आपण दोघी त्यांच्यादेखत हवापाण्याच्या गप्पा मारत बसतो. मला जे सांगायचंय ते आधी तुला एकटीला सांगायचंय, म्हणून पाकीट थेट तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवतेय. रक्ताच्या नमुन्यांत ते कुठे हरवून बसू नकोस म्हणजे झालं.

तर गेले चार दिवस मी बायोडेटा लिहितेय. हा शब्द वाचून तुझे डोळे लकाकले असतील, पण दम धर, नोकरीचा आहे. विमान चालवायला शिकवण्याचं लायसन्स हातात पडून महिना होत आला. मी शिकले त्या फ्लाइंग क्लबात जागा नाही, पण इथून तीन तासांवर एका छोट्या धावपट्टीवर शाळा आहे, त्यांना शिक्षिका हवीय. मला ती नोकरी इतकी हवीय की मी गप्प बसू शकत नाही, रूममेट वैतागलीय. असलं काही आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होते, त्यामुळे पहिला मसुदा झाला तीन पानी. चौथीतलं वक्तृत्वाचं बक्षीससुद्धा घातलं होतं त्यात. उड्डाणाचे तास लिहिले, विमान किती वेळा उतरवलं ते लिहिलं. रूममेट म्हणाली, उडवलंस किती वेळा ते का नाही लिहिलंस? म्हटलं, अगं बाई, तेवढ्याच वेळा, नाहीतर लिहायला इथे बसले नसते. खाली छंद म्हणून वाचन आणि पोहणं. पोहण्याचं तुला ठाऊकच आहे, मी अजून काठ सोडत नाही.

पाठवायच्या आधी धीर करून त्या शाळेत फोन केला. तिथल्या मुख्य शिक्षिकेला सगळे कॅप्टनबाई म्हणतात. तीस वर्षं शिकवतायत, आणि आवाज असा की माझी पाठ आपोआप ताठ झाली. म्हणाल्या, एकच पान पाठव, छंद नकोत, तास सगळ्यांकडेच असतात. पण एक गोष्ट लिहायचीच. आजवर तू कुणाला काहीही शिकवलं असशील, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर. तुझ्या सरांना मी फोन करत नाही, ते कौतुकच करणार. मी विद्यार्थ्याला करते. शुक्रवारपर्यंत कागद आला पाहिजे, शनिवारी मी फोन लावीन. एवढं बोलून फोन ठेवूनच दिला.

आता आली का पंचाईत. धाकट्याला गणित शिकवलं होतं, आणि तो त्याच वर्षी गणितात आपटला. त्याचं नाव देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. रूममेटला मशीनवर शिवायला शिकवलं, ती आता माझ्यापेक्षा छान शिवते, पण ती म्हणते हे तुझ्यामुळे नाही, तुला जमत नाही हे बघून शिकले. दोन दिवस मी डोकं खाजवत होते, आणि उत्तर सगळा वेळ डोळ्यांसमोर होतं. मीच बघत नव्हते, कारण बघितलं की लाज वाटत होती.

आठवतंय ना, दोन वर्षांपूर्वीचे ते रविवार? बंद पडलेल्या गोदामामागचं मैदान, सकाळी सात, सीटवर उशी ठेवून बसलेली तू. मावशीकडे मनात येईल तेव्हा जाता यावं, कुणाची मनधरणी नको, म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकायला निघालीस. गाडी बंद पडली की तिलाच चुचकारायचीस. पुढे जाताना घाबरायचीस आणि मागे घेताना मात्र एकदम सफाईदार. पहिले तीन धडे मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला होता, क्लच, आरसा, ब्रेक, अगं बघ, अगं सांभाळ. चौथ्या दिवशी तू शांतपणे म्हणालीस, तू गप्प बसलीस की मला गाडी ऐकू येते. मी खट्टू झाले, पण गप्प बसले. आणि तू चालवायला लागलीस. गेल्या महिन्यात माझ्या परीक्षेत विद्यार्थी बनून शेजारी बसलेल्या सरांनी एकाच गोष्टीचं कौतुक केलं, की ही विद्यार्थ्याला चुका दुरुस्त करायला वेळ देते, मध्ये बोलत नाही. मला विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, पुस्तकात. आई, मी खोटं बोलले.

आणि मग तो बारावा रविवार. तेव्हा माझं विमान शिकणं ऐन भरात होतं, आणि मी तुला आमचा तिथला नियमही शिकवला होता. विमान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना बोलून द्यायचं आणि बोलून घ्यायचं. एक म्हणतो, कंट्रोल तुझ्याकडे. दुसरा म्हणतो, कंट्रोल माझ्याकडे. हे ऐकू येईपर्यंत पहिल्याने हात सोडायचा नाही. तुला हा खेळ फार आवडला होता. घरी परत येताना फाटकाशी वळण घेत होतीस, अगदी व्यवस्थित घेत होतीस, मीच उगाच घाबरले आणि ओरडले, कंट्रोल माझ्याकडे! तू गुणी विद्यार्थिनी. दोन्ही हात सोडलेस, पायसुद्धा वर घेतलेस. विमानात माझ्यापुढेही चालवायचा एक दांडा असतो. गाडीत माझ्यापुढे होता कप्पा, त्यात दोन रुमाल आणि एक तुटका कंगवा. गाडी आपली निवांत गेली आणि खांबाला टेकली.

बाबा धावत बाहेर आले. मी तोंड उघडायच्या आत तू सांगितलंस, माझं चुकलं, मला नाही जमायचं हे. किल्ली त्यांच्या हातात दिलीस. स्वयंपाकघरात मला दटावलंस, की तुला पुढे विमान शिकवायचंय, पहिल्याच शिष्येची गाडी तुझ्यामुळे खांबाला लागली हे कशाला कळायला हवं कुणाला? आणि मी ऐकलं. आज दोन वर्षं तू लॅबला जायला दोन बस बदलतेस, मावशीकडे जायचं तर बाबांना वेळ कधी आहे ते विचारतेस. कुणी विषय काढला की हसून म्हणतेस, माझ्या हातात गाडी नाही बाई. ते ऐकून मी दर वेळी पाणी प्यायला उठते. चूक माझी होती. हे मी आधीच सांगायला हवं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून हे पत्र. सोबत माझा बायोडेटा जोडलाय, एकच पान, छंद उडवले. शेवटची ओळ वाच. शिकवण्याचा अनुभव : एक विद्यार्थिनी, माझी आई, अकरा धडे पूर्ण. बारावा अर्धवट राहिला, चूक शिक्षिकेची. त्यापुढे तुझा नंबर. तुझ्या परवानगीशिवाय हा कागद शुक्रवारी जाणार नाही. कॅप्टनबाईंनी विचारलं तर खांबासकट सगळं सांग, काही झाकू नकोस. नोकरी मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तरी येत्या रविवारी सकाळी सातला मी घरी येतेय, उशी काढून ठेव. तुला हो म्हणायचं असेल तर हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी फोन कर, बाबांनी खुशाल स्पीकरवर टाकू दे. मी म्हणेन, कंट्रोल तुझ्याकडे. तू फक्त त्याचं उत्तर दे. हे काय चाललंय म्हणून बाबा विचारतीलच, मग खांबाची गोष्ट त्यांना मी सांगेन, पहिल्यापासून. तुझं उत्तर ऐकू आल्याशिवाय मी या वेळी हात सोडणार नाही.

तुझीच,
शेजारच्या सीटवर गप्प बसायला शिकलेली