विगच्या जाहिराती

प्रिय सूनबाई,

रविवारी तुम्ही दोघं जेवून गेलात, तेव्हापासून घरात शांतता आहे. कॉम्प्युटरवर, म्हणते मी. आता तिथे ट्रकच्या टायरच्या जाहिराती येतात. आपल्याकडे साधी सायकलही नाही, त्यामुळे कोणाला काही वाटत नाही.

तुझ्या सासऱ्यांनी मात्र कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी अजून काढलेली नाही. तोवर बुद्धिबळ उघडलं की शेजारी विगची जाहिरात, बातम्या उघडल्या की विग, हवामान बघायला गेलं तरी विगच! त्यांची पक्की खात्री, की यंत्र त्यांच्या टकलावर नजर ठेवून आहे. चिरंजीवांनी त्यावरून काय फिरकी घेतली त्यांची! मीही हसले, आणि हसता हसता भरलेल्या पेल्यात पुन्हा पाणी ओतलं. टेबल तू पुसलंस. हसली नाहीस ती तू एकटीच.

मग मी शिवायला घेतलेल्या पडद्यांसाठी डिझाइनं दाखवते म्हणून मला कॉम्प्युटरपाशी नेलंस. पडदा एकही दाखवला नाहीस. आपण एखाद्या दुकानाच्या पानावर डोकावलो, की तिथे बसलेले भलतेच लोक आपल्या ब्राउझरमध्ये खूण ठेवतात, तिला कुकी म्हणतात, आणि ती ओळखून जाऊ तिथे मागे लागतात, हे हळू आवाजात समजावलंस. जुन्या खुणा पुसल्यास. सेटिंगमध्ये जाऊन परक्यांच्या कुकीज बंद करायचं बटण मलाच दाबायला लावलंस. विग कोण शोधत होतं, हे विचारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "आई, आता कोणी चुगली करणार नाही. हवं ते निवांत बघा."

आमच्याकडे कोणाला शिंक आली तरी तिच्यावर चारचौघांची मतं पडतात. माझी एखादी गोष्ट फक्त माझी असू शकते, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मानलं असेल तर ते तू. जन्मभर विसरणार नाही गं.

आता तुला सांगते. काखेजवळ गाठ लागते आहे, दोन महिने होत आले. गाठीबद्दल वाचायची हिंमत होईना, म्हणून डॉक्टरांचं दारही न बघता मी थेट उपचारांत केस गळण्यापर्यंत पोचले आणि विगच बघत बसले. मग ते पानोपानी मागे लागले, तेव्हा वाटायचं, यंत्राने माझा निकाल लावूनच टाकला. ते थांबले तसं डोकं जरा थाऱ्यावर आलं आणि काल डॉक्टरांना फोन केला. गुरुवारी सकाळी बोलावलंय. तुला फोनवर सांगताना रडू फुटलं असतं, म्हणून हे लिहिलं. येशील माझ्याबरोबर? ह्यांना परत आल्यावर मीच सांगेन, माझ्या तोंडाने. तोवर कोणी विचारलंच, तर आपण दोघी पडद्यांची डिझाइनं बघायला चाललोय.

तुझीच,
आई