गाय-वासराची चादर

२० जानेवारी १९७७

निवडणूक जाहीर झाल्यापासून गल्लीतले लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागलेत. दीड वर्षं नुसती कुजबुज होती.

आज नरसय्यामालक स्वतः घरी आले. म्हणजे काम मोठं. आबासाहेबांची, सत्तेतल्या पक्षाच्या पुढाऱ्यांची, ऑर्डर आहे. चादरीच्या मधोमध गाय-वासरू, म्हणजे त्यांचं निवडणुकीचं चिन्ह. निवडून आल्यावर गावोगाव वाटायच्या.

द. ना धरून नेल्यापासून त्यांचं नक्षीचं काम मीच करते. चौकटीच्या कागदावर चित्र काढायचं, त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. पुठ्ठे मागावर चढले की चादरीत तेच चित्र उठतं. पण ज्यांच्या राज्यात द. आत गेले, त्यांचंच चिन्ह मी काढू?

मालकांना कळलं असावं. म्हणाले, आबासाहेब वर एक शब्द टाकतील. विचार करून सांगते म्हटलं.

(वहीत तरी नवऱ्याचं नाव लिहीन म्हटलं, तर हात पहिल्या अक्षरावर थांबतो. सासूबाईंनी लावलेली सवय.)

२२ जाने.

मागच्या एका निवडणुकीत असंच काम आलं होतं. द. नी साफ नाकारलं. मालकांना म्हणाले, "सोलापुरी चादर बाप पांघरतो, मग मुलगा पांघरतो. तीस वर्षं टिकणाऱ्या कापडावर पाच वर्षांचा पक्ष काढू नये." मालक हसले होते. "पाच वर्सांचा कसला, मास्तर? पुढली पन्नास वर्सं बी तेच हायत की." दोघांची यावर कितीतरी दिवस पैज चालली होती. चहाची.

तो चहा अजून कुणीच पाजलेला नाही.

आज मालकांना हो म्हणून आले. येताना रस्ताभर द. शी मनात भांडले. ते काही बोलले नाहीत, नेहमीसारखे नुसते बघत राहिले. वाईट सवय.

३ फेब्रु.

येरवड्याला जाऊन आले. कडक भाकऱ्या नेल्या होत्या, महिनाभर टिकतात म्हणून. शिपायानं तपासायला म्हणून एकेक भाकरी मोडली. आत चिठ्ठी असेल म्हणे. पापडासारख्या भाकरीत चिठ्ठी कुठं मावणार? द. ना चुरा मिळाला. तोच मुठीनं तोंडात टाकत म्हणाले, बरं झालं, दातांचं काम वाचलं.

वाळलेत. कानाजवळचे केस पांढरे झालेत.

काम काय चाललंय, विचारलं. मी म्हटलं, फुलं-पानं. खोटं. आबासाहेबांच्या शब्दाचं सांगितलं असतं तर तिथंच बाहेर यायला नकार दिला असता या माणसानं. मला तो घरी हवाय. तत्त्वं मागाहून येऊ देत सावकाश.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

१५ फेब्रु.

चित्र पुरं. गाय चांगली जमली. माझ्या माहेरच्या कपिलेसारखी, जराशी खाष्ट. पुठ्ठे चढले, मागही सुरू झाला. एका बाजूनं लाल जमिनीवर पांढरी गाय, उलटी केली की पांढऱ्यावर लाल. मालक नमुना उलटा-सुलटा करून खूष. "कुटनं बी बघा, गाय तीच."

आबासाहेबांचा शब्द अजून पडलेला नाही. मालकांना विचारलं. निवडणुकीच्या गडबडीत हायत, म्हणाले.

२० मार्च

मत देऊन झालं. सासूबाई तरातरा पुढं. बाहेर येऊन मला म्हणतात, "इंदे, बैलजोडी कुटं गं गेली? मी आपलं त्या गाईवर मारलं." त्या पक्षाचं चिन्ह बदलून किती वर्षं झाली. लेक आत आहे आणि मत त्यांनाच! मी बोलले तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "राज्य त्यांचंच असतंय बाई. त्यांना राजी ठिवलं तर सोडतील माज्या लेकराला."

मी तरी वेगळं काय केलं होतं?

२१ मार्च

दिल्लीतलं सरकार पडलं!! इथं आमच्याकडे मात्र जुनेच निवडून आले. सोलापूर ते सोलापूरच.

बातम्या संपल्यावर सासूबाईंनी रेडिओला हळदकुंकू लावलं. त्यांना गाय-वासरू पडलं याचा आनंद नव्हता, सगळे सुटणार असं निवेदक म्हणाला याचा होता. मी चहा ठेवला आणि साखर घालायची विसरले.

२३ मार्च

आले.

दुपारच्या गाडीनं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग गळ्यात पडून इतक्या रडल्या की शेजारची माणसं धावत आली. मला काही रडू आलं नाही. पायांवर पाणी घातलं, टाचा भेगाळलेल्या. तेव्हा आलं.

संध्याकाळी त्यांनीच ट्रंकेवरची घडी उघडली. नमुन्याची चादर. लपवायची राहून गेली होती. बराच वेळ बघत होते. मी दारात उभी. मनात सगळी उत्तरं तयार.

ते म्हणाले, "वासरू गाईपासनं एवढं लांब का काढलंस?"

मी बघितलं तर खरंच. त्यांच्या चिन्हात वासरू आईला बिलगलेलं, दूध पितंय. मी मध्ये मोकळी जागा सोडली होती. इतक्या चादरी निघाल्या, मालकांनी बघितल्या, आबासाहेबांच्या माणसांनी बघितल्या, कुणाच्या लक्षात नाही. माझ्याही नाही. रोज त्या कागदावर वाकून बसत होते मी.

म्हटलं, जागा भरायची होती.

त्यांनी घडी घातली, ठेवून दिली. पाच वर्षांच्या पक्षाचं काढलंच नाही. मग माझ्या हाताची बोटं बघत बसले, भोकं पाडायच्या पंचानं घट्टे पडलेत ती.

एप्रिल, तारीख विसरले

आबासाहेबांनी चादरी उचलल्या नाहीत. दिल्ली गेल्यावर वाटतो कोण? मालकांच्या कारखान्यात छतापर्यंत गाई.

मालकांनी आपणहून द. ना चहा पाजला. पैज हरलो म्हणाले. द. म्हणाले, थांबा की, अजून तीस वर्षं व्हायचीत.

फार सुखाचे दिवस. लिहायला सवड नाही.

वसुबारस, १९७७

मालकांना नाही, मला सुचलं. आज गाय-वासराची पूजा. आठवडाभर आधी चादरींचे गठ्ठे वेळापूरच्या बाजाराला पाठवले. बायकांनी हातोहात नेल्या. कुठल्या पक्षाच्या, कुणी विचारलंसुद्धा नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली म्हणे, वासरू लांब हाय, पर ईल आईकडं.

द. ना हे सांगायला थांबले होते. ते पुण्याला बैठकीला. उद्या येणार होते, आता परवा.

१२ फेब्रु. १९७८

जुन्या पक्षात फूट. गाय-वासरू गेलं, आता पंजा. द. च्या पक्षाच्या माणसांनी इथंच ओसरीवर बसून हिशोब मांडला : आता पुढली तीस वर्षं आपलीच. माझा तीन आधणं चहा झाला.

आणि मग द. नी स्वतः चौकटीचा कागद घेतला. त्यांच्या पक्षाचं चिन्ह, चक्रातला नांगरवाला शेतकरी! चादरीवर!

मी म्हटलं, तीस वर्षं टिकणाऱ्या कापडावर?

"हे टिकेल, इंदू. हे टिकवायचं म्हणून तर आत बसलो."

काढताना चेहरा असा उजळला होता! पुठ्ठ्यांना भोकं मीच पाडली.

गणपती, १९७८

द. पुण्यात. मग मुंबई. आरती सासूबाईंनी म्हटली, अर्धी विसरल्या.

आत होते तेव्हा निदान कुठं आहेत ते माहीत होतं. भेटीचा दिवस ठरलेला असायचा. आता भेट मागायची कुणाकडं? सरकार तर यांचंच.

(हे लिहिलं आणि लाज वाटली. तरी खोडत नाही.)

१६ जुलै १९७९

रेडिओवर ऐकलं. यांचं सरकारही गेलं. आपसात भांडून.

गिरणीचा भोंगा झाला तरी मी चूल पेटवली नव्हती. सासूबाईंनी विचारलं, आता कुणाला राजी ठेवायचं? मला हसू आलं आणि मग आवरेना, म्हणजे हसूच नव्हतं ते.

ऑगस्ट

मुंबईहून येणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या हाती निरोप. फुटलेल्या तुकड्यांपैकी कुठल्या तुकड्यात राहायचं ते ठरत नाहीये. ठरलं की येतो. तोंड दाखवायला जागा नाही, असंही म्हणाले म्हणे.

कुणाला तोंड दाखवायचंय? मला? मी काय मतदारसंघ आहे?

उलट निरोप धाडला, सासूबाई विचारतात. माझं काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

१९ डिसेंबर १९७९

थंडी. पुन्हा निवडणूक आली. नरसय्यामालक सकाळीच हजर. आता पंजाची ऑर्डर. शेतकऱ्याचे पुठ्ठे अजून खुंटीला टांगलेले आहेत, ते बघून जरा अवघडले. मग म्हणाले, "बाई, तुमी सांगाल तसं. पर पुढली तीस वर्सं कोण, ते एकदा बोला."

"चादर," मी म्हटलं.

त्यांना पटलं. कोपऱ्यात सासूबाई बैलजोडीची जुनी चादर पांघरून बसल्या होत्या. एक धागा सुटलेला नाही.

ऑर्डर घेतली नाही, नाकारलीही नाही. कागद घेऊन काठ तेवढा काढला. मधली जागा कोरी ठेवली. त्यात काय काढायचं हे या घरात दोघांनी ठरवायचं असतं. वाद घालायला मला माणूस हवाय. जिंकलेला नको, हरलेलाच चालेल.

मग नमुन्याची चादर काढून अंगावर घेतली. वासरू आहे तिथंच आहे.

सासूबाई झोपल्यात. कुणी बघत नाही.

दत्ता, ये.