कोरडी कळ, ओली नळी

चाचा, ह्या वर्षीही साताऱ्याला येणं झालं नाही, तुमच्या कबरीवरचं गवत तसंच असेल. इकडं जतला माझं दुकान बरं चाललंय. पण तुमच्याशी भांडायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसलोय.

तुमच्याकडं बंदूक दुरुस्ती शिकायला आलो तेव्हा मी लग्न झालेला बाप्या होतो. आमच्या घरी मेंढरं, लोखंडाशी संबंध कुऱ्हाडीपुरता. पहिल्या दिवशी तुम्ही बंदूक दिलीच नाही, तेलाची बाटली दिलीत. तिच्या तळाला लवंग पडलेली. ही कशाला म्हटलं, तर म्हणालात, "वासावरनं कळतं, हात माझा लागलाय का दुसऱ्याचा." बंदूक आत आली की तुम्ही मालकाचं नाव नंतर विचारायचा, गाव आधी. पाटण-जावळीकडची असली की नळी चकचकीत ओली करून द्यायचा. "तिकडचा पाऊस लोखंड खातोय रं." खंडेनवमीच्या आधी तर दारात रीघ. लोक तेल दिलेली बंदूक पाटावर ठेवायचे, तिला हळदकुंकू वाहायचे, आणि ते तेलात कालवून घोड्याच्या फटीतनं आत उतरायचं. पुढं तीच बंदूक अडकली म्हणून परत. तुम्ही कपाळाला हात लावायचा. "आवं, कुंकू मागं लाकडी दस्त्याला लावा की. देव काय आत जाऊन बसलाय व्हय?" गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचं.

मी तेव्हाच म्हणालो होतो, आमच्या जतकडं बारा महिने खंडेनवमी असते, फक्त कुंकवाच्या जागी धूळ. ती ओल्या तेलाला चिकटते, आत चिखल होतो, खटका पुरता बसत नाही आणि एखाद्या दिवशी चाप न दाबताच बार उडतो. तिकडं आतल्या कळीला, म्हणजे घोडा-खटक्याच्या यंत्राला, कोरडी भुकटीच पाहिजे, शिसपेन्सिलीत असते तसली काळी. तुम्ही बाटली फळीवर आपटलीत. "कोरडं लोखंड रडतं. माझ्या हातची बंदूक कोरडी ऱ्हाणार न्हाई, मी मेलो तरी." दुपारी मात्र आपण एकाच ताटात जेवलो.

आता ऐका. इथल्या एका पतसंस्थेचा रखवालदार त्याची दुनळी घेऊन आला. फौजेतनं निवृत्त झालेला, सरळ माणूस. नळीखाली तुमची खूण, ते तीन ठिपके. कळ उघडली तर आत तेल आणि धुळीचा गाळ. सगळं धुतलं, सुकवलं, भुकटी भरली आणि बजावून सांगितलं, तेल लावायचं न्हाई. पुढच्याच महिन्यात बंदूक पुन्हा ओली. वास लवंगेचा. मी त्याच्यावर तडकलो. पतसंस्थेच्या दाराशी म्हाताऱ्या बाया पासबुक घेऊन बसतात, त्यांच्यासोबत नातवंडं असतात. हा अडकलेला खटका एखाद्या दिवशी सुटला तर कुणाचं तरी लेकरू जाईल. तर तो म्हणाला, "आईची आन, तेलाला बोट लावलेलं न्हाई. आणि लवंग आमच्या घरात येतच न्हाई, बायकोला सोसत न्हाई." माणूस खोटं बोलत नव्हता.

परवा त्यानं ती तिसऱ्यांदा आणली. मी त्याच्यादेखत साफ केली, नळी बोटाला कोरडी लागेस्तोवर पुसली, लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली करदोट्याला बांधून घरी गेलो. माझ्या दुकानात तेलाचा थेंब नसतो, तुम्हाला माहीतच आहे. सकाळी शटर वर केलं. कपाट उघडायच्या आधीच लवंगेचा वास आला. नळी वरपासून खालपर्यंत ओली, तोंडाशी एक थेंब लोंबतोय, अजून पडायचा. खरं सांगतो, मी तुम्हाला चार शिव्या घातल्या. मग हात आपसूक स्क्रू काढायला लागले, तुम्हीच लावलेली सवय. आतली कळ खडखडीत कोरडी. माझी भुकटी मी भरली तशीच, काळीभोर, तिला कुणाचा हात लागलेला नाही. बाहेरून तुमचं, आतून माझं.

तेवढ्यात रखवालदार आला. "आत्ताच फोन आला. माजी बदली झाली, पाटणच्या पल्याड, घाटावरच्या शाखेत. लय पाऊस हाय म्हनं तिकडं. वरनं जरा तेलबिल लावून द्या की."

"लावलंय," मी म्हणालो.

त्यानं नळी नाकाशी नेली आणि माझ्याकडं बघितलं. "लवंग?"

"आमच्या उस्तादांची पद्धत हाय."

तो गेला तेव्हापासून एकच डोक्यात घोळतंय. बंदुकीचं गाव तुम्ही आधी विचारायचा. ह्या वेळी, फोन यायच्या आधीच, कुणाला विचारलंत?

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते फळीखालीच राहील. चाचा, मला तुमचं भ्या वाटतं. पण आज कपाट उघडलं, आत कसलाच वास आला नाही, आणि मला रडू फुटलं. मग बाजारात जाऊन तेलाची बाटली घेऊन आलोय. कपाटात ठेवलीय, लवंग टाकून.