सुपातल्या पाच वस्तू

बुधवार, १२ नोव्हेंबर

चार शास्त्रज्ञ आले आणि बसायला खुर्च्याही घेऊन आले. घडीच्या. आमच्या कोळवणात माणसं उभीच असतात, असं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

विसरण्यावर शोध लावतायत म्हणे. म्हातारी माणसं का विसरतात, डोक्यात कुठून सुरू होतं, थांबवता येतं का. मी म्हटलं, आधी माझा मुलगा तपासा, बायकोनं सांगितलेली साखर त्याला चाळिशीतच आठवत नाही. त्यांची मोठी बाई हसली. गौतमी तिचं नाव. पौडचीच पोरगी, बाप एसटीत कंडक्टर होता. सुई टोचणारी डॉक्टर नाही, मेंदूची डॉक्टर. तिच्या वहीत सारखं काहीतरी लिहीत होती. म्हटलं, मग मीच का मागे राहू? शुभांगीला, म्हणजे सुनेला, बसवलं लिहायला. मी "हाय" म्हणते, ती "आहे" लिहिते. लिहू दे. बारावी शिकली आहे, वाया कशाला जाऊ द्यायची.

देवळात एकेकाची परीक्षा झाली. घेणारा त्यांच्यातलाच पियूष, हातात पाटीएवढा फोन.

"आजी, आज तारीख काय?"

"कालभैरवाची अष्टमी."

"तारीख सांगा ना."

"अरं, सांगितली की."

खूण केली त्यानं. चुकल्याची असणार, तोंडावरून कळलं. मग घड्याळ काढायला पेन्सिल दिली. जन्मात पहिल्यांदा धरली. माझं घड्याळ शुभांगीच्या पहिल्या भाकरीसारखं झालं. (हे तिनं लिहिलं का बघायला पाहिजे. लिहिलं म्हणते.)

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज माझ्या धाकट्या जावेची पाळी होती. इंदू. भिंतीला भिंत लागून राहतो, पंचेचाळीस वर्षं झाली. पियूषनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? पुन्हा विचारलं. इंदू पदर तोंडाला लावून खाली बघतेय. दामू भावजींना जाऊन नऊ वर्षं झाली, पण नाव घ्यायचं म्हणजे काय! पियूषनं इंदूच्या पोराला, मनीषला, हळूच सांगितलं, "पतीचं नावही आठवत नाहीये."

मी मागेच होते. म्हटलं, "लेकरा, हिला आठवतंय म्हणूनच घेत न्हाई. तुज्या आईला इचार जा."

पण मनीषचं तोंड उतरलेलं. म्हणतो, "काकी, ते न्हवं. गॅस चालू ठेवती. परवा खाचरातनं घरी यायच्या ऐवजी बंगल्यांच्या वाटंनं गेली. वाचमननं आणून सोडली."

मी म्हटलं, अर्धी खाचरं विकली, तिथं बंगले झाले. चुकायला वाट तरी कुठं राहिली आहे?

ज्यांचं विसरणं नुकतंच सुरू झालंय त्यांना एक टोपी देणार आहेत. आठवड्यातून दोनदा पौडला जायचं, डोक्याला लावून तासभर बसायचं, आत बारीक वीज फिरते. सहा महिने. उपयोग होतो का, तेच बघायचं आहे. पंधरा डिसेंबरला यादी बंद. वीस जागा.

आमच्या इंदूच्या डोक्यावर टोपी? गाव काय म्हणेल, डोक्यानं गेली. नको.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गौतमी आली. एकटी, खुर्चीशिवाय. ओट्यावर बसली, चहा बशीत ओतून प्यायली. तेव्हाच मला आवडली.

म्हणाली, "आजी, तुमच्या गावात निम्म्या बायका आजारी निघाल्या. असं होणार नाही. माझी परीक्षाच चुकली."

एवढी शिकलेली बाई असं म्हणते! मी म्हटलं, चुकलीच. ज्यानं पेन्सिल धरली नाही त्याला घड्याळ काय मागता? सुपात पाच वस्तू ठेवा. बाईला एकेक हातात घेऊ द्या. वर फडकं झाका. मग दुसऱ्याच गप्पा मारा, सासूला शिव्या देऊ द्या. चहा झाला की विचारा, सुपात काय होतं?

तिनं चहाची बशी खाली ठेवली. मग वही काढली. "कोणत्या पाच वस्तू?"

पळी, खुरपं, सुपारी, काकण, लसणाची गड्डी. मीच सांगितल्या. एका झटक्यात.

मी आता संशोधनात आहे. शुभांगी हसू दाबत लिहिते आहे, तेही लिही म्हटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

झोपच नाही. डोक्यात नुसत्या परीक्षा येतायत.

रविवार, २३ नोव्हेंबर

नवी परीक्षा आठ जणींवर करून बघितली. सूप माझं. नवऱ्याचं नाव काढून टाकलं, त्याऐवजी माहेरचं गाव. तारीख काढली, सण ठेवला. सात जणी झरझर पास! गौतमीनं माझा हात धरून हलवला. पियूष म्हणाला, "आजी, पेपरवर तुमचं नाव घालू." कसला पेपर ते कळलं नाही. म्हटलं, घाल, पण नवऱ्याचं लावू नको, मला ते तोंडानं सांगता यायचं नाही.

आठवी राहिली ती कासार आंबोलीची एक म्हातारी. तिला सूपच आठवेना. तिचं नाव यादीत गेलं. तिची सून रडली.

इंदूची पाळी पुढच्या रविवारी.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

हे लिहायचं का नाही, ठरत नव्हतं. लिही.

वाल सोलायला इंदूला बोलावलं. सोलता सोलता म्हटलं, इंदे, माझ्यामागं म्हण. पळी, खुरपं, सुपारी, काकण, लसूण. ती म्हणाली, "कशापायी?" म्हटलं, रविवारी डॉक्टरीण विचारणार आहे. तिनं हातातली शेंग सोलून टाकली. मग माझ्यामागं पाचही म्हणाली.

पोरं पास व्हावीत म्हणून मास्तर नाही का घोकून घेत? शुभांगीनं पेन खाली ठेवला होता. पुन्हा उचलायला लावला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज इंदूला चार आल्या. लसूण राहिला. उद्या येईल.

रविवार, ३० नोव्हेंबर

पाचच्या पाच! फडकं घातलं, गौतमीनं तिला भुकूमला दिलेल्या तिच्या बहिणीचं विचारलं, चहा झाला, आणि इंदूनं पळीपासून लसणापर्यंत एका दमात सांगितलं. मी दारात उभी राहून बोटांवर मोजत होते. मनीषच्या डोळ्यांत पाणी. गौतमीनं त्याला सांगितलं, आईचं ठीक दिसतंय, टोपीची गरज नाही.

रात्री शिरा केला. इंदूनं दोनदा घेतला. तिच्याकडे बघून मला वाटलं, पाच वर्षं मागे गेलो आपण.

सोमवार, ८ डिसेंबर

दुपारी दोघीच होतो. मला काय खुमखुमी आली! सूप घेतलं, त्यात दुसऱ्या वस्तू ठेवल्या. निरांजन, चाळण, चिंच, सुतळी, भोवरा. तिच्या हातात एकेक दिली. भोवरा बघून हसलीसुद्धा. फडकं झाकलं. मसुरीला पाणी द्यायचं बोललो. मग विचारलं.

"पळी, खुरपं, सुपारी, काकण, लसूण."

म्हटलं, इंदे, नीट आठव. आत्ता भोवरा धरलास हातात.

"कुटला भवरा?"

आणि मग पुन्हा तेच पाच, पहिल्यापेक्षा खणखणीत, शाबासकी मिळावी तशी माझ्याकडे बघत. मी म्हटलं, शाबास.

मंगळवार, ९ डिसेंबर

काही नाही लिहायचं.

बुधवार, १० डिसेंबर

दोन दिवस हिशोब केला. गाव काय म्हणेल म्हणून मी तिची जागा घालवली. आता पाच दिवस उरलेत. गौतमी रागावली तर? माझ्या सुपाची परीक्षा मीच फोडली. मग बाकीच्या सात जणींचंही खोटं मानतील का? शुभांगी म्हणाली, "आई, फोन लावू?" लाव म्हटलं. मग नको म्हटलं. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळच्या एसटीनं पौडला गेले. जाताना वाक्य जुळवत होते. तिथं गेल्यावर एकच आलं. "बाई, मी पेपर फोडला."

गौतमीनं पूर्ण ऐकलं. पियूष "अरे देवा" म्हणाला, तिनं त्याला गप्प केलं. मला विचारलं, बाकी कोणाला सांगितलं होतं? नाही म्हटलं, सात जणींचं खरं आहे. सुपाची शपथ.

"आजी," ती म्हणाली, "आता दर वेळी वस्तू बदलायच्या. हे माझ्या डोक्यात आधीच यायला हवं होतं." मग यादी काढून, "आणि इंदूबाईंना उद्याच आणा. अठरा झालेत."

नवीन वस्तूंनी परीक्षा होणार. परत येऊन एसटीतून उतरताच मनीष भेटला, त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझी पिशवी घेतली हातातली.

शुक्रवार, १२ डिसेंबर

पाचातली एकही आठवली नाही. इंदू एकोणिसावी. घेतलं!

माणूस कशाला खूश होईल सांगता येत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

आज पहिल्यांदा टोपी लावली. म्हणाली, गुदगुल्या होतात. परत येताना एसटीत मी तिला सांगितलं, इंदे, माझं चुकलं, तुला उगाच घोकायला लावलं.

ती खिडकीतून बघत होती. म्हणाली, "आक्का, मला ठावं व्हतं मी इसरतीया. दिवाळीपासनं. पर तुमी एवढ्या खुशीत व्हता. म्हणून चुलीमागं कोळशानं पाच रेघा वढल्या, रोज पहाटं एकेकीवर बोट ठिवून पाठ केलं."